ओहायो, प्रभाग नऊ

रात्री अकराला शटर अर्धं ओढून घेतो.
झेरॉक्स मशीन अजून कोमट असतं,
त्याच्यावर चहाचा ग्लास ठेवतो
आणि एकोणीसशे शहात्तर उघडतो.

पंचवीस आठवडे, मोजका पैसा,
एक उमेदवार, जो खऱ्यात हरला होता.
मी नेहमी हरलेलाच घेतो.

सुरतेच्या पुढे मी कधी गेलो नाही
पण टोलेडोतला कामगार काय विचारेल, मला पाठ आहे.
विस्कॉन्सिनला दुधाच्या भावावर बोलायचं,
न्यूयॉर्कवर पैसा उधळला
की शेवटच्या आठवड्यात ओहायोसाठी
हातात चिल्लर उरते.
हे सगळं वहीत उतरवलंय,
लग्नपत्रिकांच्या ऑर्डरींच्या मागच्या पानांवर.

मग टीव्हीवरचा वाद येतो.
एक प्रश्न, चार उत्तरं.
खरा माणूस इथेच चुकीचं बोलून बसला होता.
मी बरोबर उत्तर दाबतो.
तरी ओहायो जातं,
कधी नऊ हजारांनी, कधी दोनशे अकरांनी.

प्रल्हाद बडगुजर कटलरीचं दुकान बंद करून येतो,
कागदाच्या रिमांवर बसतो.
"कोन जिकी ऱ्हायनं?"
"मोजनी चालू शे."
"तठे कापूस व्हस का?"
"मका व्हस."
"मंग आपलाच लोके शेतस."
आणि भाजलेल्या शेंगांची पुडी माझ्याकडे सरकवतो.

याच माणसाचं पत्रक मी छापलं होतं.
प्रभाग नऊ, निशाणी शिट्टी,
आठ हजार प्रती, एका रात्रीत, उधारीवर.
मशीनवर त्याचं बटण चौथं.
मी सातवं छापलं.
कुणाच्या तरी जुन्या फाइलीवर फाइल चढवली,
नाव बदललं, फोटो बदलला,
आकडा तसाच राहिला.

सातव्या नंबरवर एक अपक्ष होता.
अर्ज भरून जो उधन्याला गेला तो निकालालाही आला नाही.
त्याला त्रेचाळीस मतं पडली.
प्रल्हाद सतरांनी गेला.

ही वजाबाकी मी कुठेही करतो.
न्हाव्याकडे. फाटकाशी, मालगाडी जात असताना.
प्रल्हादने ती केली नसेल
असं मला वाटून घ्यायचं असतं.
तो बांगड्यांचा हिशेब तोंडी करतो, बारा डझनांपर्यंत.

परवा मी जिंकलो.
रात्रीचे पावणेतीन, पंख्याची नुसती गरम हवा,
नकाशा पूर्वेकडून रंगत आला
आणि ओहायो, इतके महिने राखाडी राहून,
आमच्या बाजूला पडलं.
दोनशे बहात्तर.
पडद्यावर फुगे सुटले. आवाज मी बंद ठेवलेला.
प्रल्हादला झोप लागत होती, तरी त्याने टाळी दिली.

मग डोळे चोळत म्हणाला,
"आन तो दुसरा? तो आते हारना ना?
दुसरा दिन तो काय करी?"

मी शोधलं. प्रत्येक बटण दाबून पाहिलं.
गेममध्ये दुसरा दिवस नाही.
निकालाच्या रात्री तो संपतो,
आणि पुन्हा पहिल्या आठवड्यात नेऊन सोडतो.

मला मात्र एक दुसरा दिवस माहीत आहे.
सकाळी सहाला प्रल्हाद शिडी घेऊन निघाला होता.
दगडी दरवाजापासून फाटकापर्यंत
स्वतःचे अकरा फ्लेक्स त्याने स्वतः उतरवले,
दोऱ्या न कापता, गाठी सोडवून.
दोऱ्या वेगळ्या गुंडाळल्या, माझ्या दुकानासमोर थांबला,
म्हणाला, या दोऱ्या राहू दे, तुला रिमं बांधायला.

फ्लेक्स त्याच्या बकऱ्यांच्या गोठ्यावर आहेत.
हात जोडलेला प्रल्हाद, उलटा,
खालून बकऱ्यांना दिसतो.

आता त्याच्या पोरीची पत्रिका माझ्याकडे आहे.
फाइल कोरी घेतली, जुनीवर चढवली नाही.
तारीख, वार, मुहूर्त बारा पस्तीस,
प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून मोठ्याने वाचतो.
प्रल्हाद रिमांवर बसून घोरतो.
जागा झाला की त्याला पुन्हा वाचून दाखवीन.
तो म्हणेल, छाप ना भो.